तळटीप १७ : शटरचा टीव्ही

१७. शटरचा टीव्ही : लाकडी पेटी आणि सरकत्या फळ्यांचा कृष्णधवल संच. त्याचे बरेचसे वजन असे ते पिक्चर ट्यूबच्या जाड काचेचे. आत निर्वात पोकळी असल्याने ५१ सेंटिमीटरच्या पडद्यावर हवेचा दाब एक टनाहून अधिक पडतो. ट्यूब आतल्या आत फुटून काचा उडू नयेत म्हणून जुन्या संचांत पडद्यापुढे वेगळी संरक्षक काच बसवत; पुढे ट्यूबच्या कडेलाच पोलादी पट्टा आवळू लागले. मागच्या नळीतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा रेखाटी. आरंभीच्या ट्यूबमध्ये झोत फारसा वळत नसे, म्हणून नळी लांब आणि पेटी खोल. तो ११० अंशांपर्यंत वळवता आल्यावर संच आखूड झाले. झोताला लागणारा दाब दहा हजार व्होल्टहून जास्त असल्याने धूळ ओढली जाई आणि पावसाळी ओलीत वीज गळे.

भामरागडच्या जंगलातल्या हेमलकशाला आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रात दूरदर्शनचे प्रक्षेपण मुंबई (१९७२) आणि सिंहगडावरून पुणे (१९७३) एवढ्याच परिसरांत दिसे. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात सहा राज्ये होती; महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यामुळे त्या जंगलात त्या काळी असा संच नेला असता, तरी पडद्यावर चित्र उमटले नसते.