वेगळी चूल

अब्बा उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका छोट्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. "आपला कारखाना नगरपालिकेला माहीतच नाही," असं ते हसत म्हणायचे. एके सकाळी कारखान्याला टाळं दिसलं, तेव्हा हेच वाक्य ते न हसता बोलले.

चीनमधल्या गावकारखान्यांबद्दल वाचताना मला ते वाक्य आठवत राहिलं. १९८० साली तिथे सरकारी महसुलाची नवी वाटणी सुरू झाली. तिला तिकडे 'वेगळ्या चुलीवर जेवणं' म्हणत. आपली वेगळी चूलच की! ठरलेला वाटा वर पाठवायचा, उरलेला बराचसा आपल्याकडे ठेवायचा. पुढे कम्यून मोडले, गावा-कसब्यांची सरकारं आली आणि कम्यूनचे कारखाने त्यांच्याकडे गेले. कारखाना चालला तर शाळा, रस्ता आणि कार्यकर्त्यांचा बोनसही त्यातूनच. मग गावचा सचिव स्वतः कच्चा माल, बँकेचं कर्ज आणि गिऱ्हाईक शोधत फिरू लागला. १९७८ साली या उद्योगांत सुमारे पावणेतीन कोटी लोक होते, १९९६ साली साडेतेरा कोटी. हे आपल्याला अपेक्षितच नव्हतं, असं खुद्द डेंग श्याओफिंग यांनी १९८७ मध्ये कबूल केलं होतं.

आपल्याकडे जकात नगरपालिकांचा मोठा आधार होती. म्हणजे माल गावात शिरताना पैसे मिळायचे; आत तो शिवून कोणी कमावलं की बुडालं, याच्याशी तिजोरीचा थेट संबंध नव्हता. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उद्योगाचं केलं, ते स्वतःच्या हिमतीवर. त्याचं कौतुक आहेच. पण अडचणीत धावून यावं असं पालिकेला वाटायला कारणच नव्हतं.

सामूहिक मालकीचा आपला मोठा प्रयोग खेड्यात झाला, प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तिथला सहकारी साखर कारखाना १९५० च्या आसपास उभा राहिला. तिथे मालक ग्रामपंचायत नव्हती, शेअर घेतलेला ऊस उत्पादक होता. चिनी गावकऱ्याच्या हाती बहुधा शेअरचा कागदही नसे. मालकी 'सगळ्यांची', किल्ली सचिवाकडे. म्हणूनच १९९० च्या दशकात स्पर्धा वाढली, १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा भाग केंद्राकडे गेला, आणि यातले कितीतरी कारखाने त्यांच्याच व्यवस्थापकांना विकले गेले. गावकऱ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आपल्याकडेही आजारी सहकारी कारखाने लिलावात गेलेच, पण निदान सभासदांची यादी तरी होती.

हे मी अब्बांना उत्साहाने सांगितलं. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. म्हणाले, "आपल्याकडे जमीन नव्हती. ऊस नाही, म्हणून शेअर नाही. तुझे दादा दुसऱ्याच्या उसात राबायचे." मग थोडं थांबून विचारलं, "चीनमध्ये बाहेरगावच्या कामगाराला हिस्सा मिळायचा का रे?"

नाही. ज्यांगसू प्रांतातल्या हुआशी या गाजलेल्या श्रीमंत गावात मूळ गावकऱ्यांना बंगले आणि नफ्याचा वाटा मिळाला, बाहेरून आलेल्या हजारो कामगारांना फक्त पगार.

"मग आम्ही तिथेही कटिंग मास्टरच," अब्बा म्हणाले.