वर्गणीदारांचा आश्रम

आपल्याकडे संस्थांचे इतिहास बहुधा चरित्राच्या अंगाने लिहिले जातात. संस्थापकाचे बालपण, त्याचे दारिद्र्य, लोकांनी केलेला छळ आणि अखेर झालेला गौरव, ह्या क्रमाने ग्रंथ पुढे सरकतो, व जमाखर्चाची हकीकत परिशिष्टात जाऊन पडते. ते परिशिष्ट फारसे कोणी वाचीत नाही. वस्तुतः संस्थेने कोणते धाडस केले आणि कोणत्या धाडसापासून ती मागे राहिली, ह्याचा उलगडा पुष्कळदा तेथेच होतो. पैसा कोणाच्या घरून आला हे कळले म्हणजे संस्थेस कोणाची भीड पडत होती, तेही कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात हिंदू विधवांसाठी जी तीन कामे उभी राहिली, ती ह्या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले काम जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांचे. १८६३ साली त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वाकडे पाऊल पडलेल्या विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे अथवा न्यावे, अशी ती व्यवस्था होती. आणि त्या काळच्या पुण्यात तिचा उघड पुकारा करणे म्हणजे ब्राह्मणवस्तीच्या तोंडावर तिचेच गुपित वाचून दाखविण्यासारखे होते. जोतीरावांनी तो पुकारा केला. ह्यासाठी त्यांना कोणाच्या ठरावाची गरज पडली नाही. ते कंत्राटदार होते, चार पैसे मिळवीत होते, घर त्यांचे होते आणि बाळंतिणीची शुश्रूषा करणारी त्यांची पत्नी होती. १८८४ पर्यंत अशा पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांतलीच एक काशीबाई; तिच्या मुलास ह्या दांपत्याने दत्तक घेतले, तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव. धाडसाच्या दृष्टीने पाहता ह्या गृहाच्या तोडीचे दुसरे काम त्या शतकात शोधावे लागेल. पण ते एका घराएवढे होते, आणि घर थकले तसे तेही मागे पडले.

दुसरे काम पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, आणि बोस्टन येथे त्यांच्या नावाने मंडळी स्थापन होऊन तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे पत्करले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. शिक्षणाची व्यवस्था उत्तम होती, मुलींना वागविण्याची रीत तर त्याहून उत्तम. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष सल्लागार होते. तथापि सल्लागार म्हणजे धनी नव्हेत. १८९३ मध्ये सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा गवगवा झाला, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. ह्या वादात कोणाचे किती चुकले, ह्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तिच्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की पुणेकरांनी त्या संस्थेत मुली ठेवल्या होत्या, पैसा ठेवला नव्हता. संशय आला तेव्हा आपले जे होते ते त्यांनी उचलून नेले. आणि बोस्टनचा आधार असल्यामुळेच रमाबाईंनाही गावाची मनधरणी करीत बसावे लागले नाही. त्या आपल्या मार्गाने पुढे गेल्या व केडगावचे मुक्तिसदन त्यांनी उभारले.

शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई. तिचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे ह्यांचे स्नेही. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते आणि १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली होती. कुमारिकेशी लग्न करण्याचे नाकारून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईशी पुनर्विवाह केला. विवाहानंतर जोडपे मुरुडास गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या मुरुडासाठी कर्व्यांनी तरुणपणी गावकऱ्यांकडून थोडी थोडी रक्कम जमवून ‘मुरुड फंड’ चालविला होता, तेच हे गाव. ही गोष्ट कर्व्यांच्या मनात फार खोल गेली असावी असे मला वाटते. कारण पुढील तीन वर्षांत त्यांनी जे केले ते रागावलेल्या मनुष्याचे करणे नव्हते. त्यांनी विधवाविवाहाची मंडळी काढली खरी, पण १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना करताना आश्रमाचा पुनर्विवाहाशी काही संबंध नाही, हे ते पुनःपुन्हा सांगू लागले. विधवांना शिकवावे, स्वतःच्या पायांवर उभे करावे, पुढे त्यांनी काय करावे हे त्यांच्या त्यांनी पाहावे.

ह्या धोरणाचे कारण जमाखर्चात आहे. आश्रमाला बोस्टन नव्हते. आरंभी कर्व्यांनी आपले साठविलेले एक हजार रुपये घातले, आपल्या पाच हजारांच्या विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून दिली, आणि मग झोळी घेऊन निघाले. सुट्टी लागली की गावोगाव हिंडावे, कारकुनापासून वकिलापर्यंत प्रत्येकाचे दार ठोठवावे, रुपया मिळाला तर रुपया, चार आणे मिळाले तर चार आणे घ्यावे. प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर नेण्याची पाळी आली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले ह्यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातील तास आटोपून चिखलातून हिंगण्यास पायी जाणारे कर्वे पुढे दंतकथेचा विषय झाले. परंतु वर्गणी मागताना त्यांना किती घरी किती वेळ ऐकून घ्यावे लागले असेल, ह्याची दंतकथा झालेली नाही.

चार आणे देणारा गृहस्थ चार आण्यांपुरता आश्रमाचा धनी होतो. त्याच्या आईला, त्याच्या सोवळ्यातल्या आत्याला रुचणार नाही असे काही संस्थेने केले, तर पुढल्या वर्षी त्याचा दरवाजा बंद. म्हणून आश्रमात सोवळ्याओवळ्याची बूज राखली गेली. आरंभीच्या विधवा बहुतेक ब्राह्मण घरच्या होत्या. आणि ज्या पुनर्विवाहामुळे कर्वे कर्वे झाले, त्याचे नाव आश्रमाच्या अंगणात निघत नसे. गोदूबाई, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, ह्यांची स्थिती तर विलक्षणच. विधवांच्या उद्धारासाठी चाललेल्या संस्थेच्या संस्थापकाची पत्नी, पण पुनर्विवाहित असल्यामुळे त्या संस्थेला अडचणीची. पॉलिसीचे पैसे घरातून गेले तेव्हा मुलाबाळांच्या काळजीने त्यांना काय वाटले, ते ‘माझे पुराण’ ह्या त्यांच्या आत्मचरित्रातून वाचावे. कर्व्यांच्या त्यागाचे वर्णन करणाऱ्या लेखकांनी हा भाग बहुधा घाईने ओलांडला आहे.

ह्याउलट त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. ह्या विधवा, केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या. त्यांना पाहून कोणत्याही सनातनी घराचे दार उघडे होई. आश्रमासाठी त्यांनी गावोगाव भाषणे केली, वर्गण्या मिळविल्या. पुढे केशवपनही त्यांनी आपल्या बुद्धीने सोडले. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावे म्हणून ही बाई एकटी अमेरिकेस गेली, तेथे परक्या घरी घरकाम करून राहिली आणि १९२० साली परतली. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक अद्याप वाचनीय आहे.

कर्व्यांच्या ह्या सावधगिरीस तत्कालीन सुधारकांतील काहींनी भित्रेपणा म्हटले, आणि आज तर तसे म्हणणे सोपेच आहे. मला ते पूर्णपणे पटत नाही. ज्या समाजाने त्यांना बहिष्कृत केले त्याच्याच खिशातून त्यांनी विधवांचे शिक्षण करविले. वर्गणी देणाऱ्याने पैशाबरोबर थोडी संमतीही दिली, आणि एकदा पावती घेतलेल्या मनुष्यास त्या कामाविरुद्ध ओरडणे जड जाते. मात्र ह्याची किंमत पडली ती आश्रमात प्रवेश न मिळालेल्या जातींच्या स्त्रियांवर, हेही तितकेच खरे. कर्व्यांना ते जाणवत असले पाहिजे. वयाच्या शहाऐंशीच्या सुमारास, १९४४ साली, त्यांनी समता संघ काढला.

मोठी देणगी आली म्हणजे चार आण्यांची भीड संपते असे वाटेल. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाख रुपये देऊ केले. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज साडेबावन्न हजार होत होते. विद्यापीठास दात्याच्या मातोश्रींचे नाव लागले आणि १९३६ साली त्याचे ठाणे मुंबईस गेले. हजार दात्यांची भीड जाऊन एका दात्याचा शब्द आला.

दोन्हींपासून मोकळा राहिलेला मनुष्य कर्व्यांच्या घरातच होता. राधाबाईंचे चिरंजीव रघुनाथराव ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले. १९२५ साली कॉलेजातील प्राध्यापकी त्यांच्या हातची गेली, आणि १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. आश्रयदाता नाही, मंडळ नाही. पदराला खार लावून अंक काढावयाचा. त्यामुळे वडिलांना जे आश्रमाच्या अंगणात बोलता येत नव्हते, त्याच्या कित्येक पावले पुढचे ते उघड लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. सव्वीस वर्षे मासिक निघाले. १९५३ च्या ऑक्टोबरात रघुनाथराव वारले आणि मासिक बंद पडले. वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले. हिंगण्याचा आश्रम वाढत वाढत मोठी शिक्षणसंस्था झाला असून गोखल्यांच्या जमिनीभोवतीच्या भागास पुणेकर आता कर्वेनगर म्हणतात.