खेडे हा घटक

१ नोव्हेंबरला कर्नाटकभर राज्योत्सव असतो. त्याच दिवशी बेळगावात मराठी माणसे काळा दिन पाळतात, दंडाला काळी फीत बांधून मूक सायकल फेरी काढतात. फेरी मूक असली तरी हद्द नव्याने आखण्याची तिची मागणी सीमाभागातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पाटीवरचे पाढे असावेत तशी ही चार कलमे इथे दोन-तीन पिढ्यांनी घोकली. मात्र हे सूत्र जन्माने बेळगावचे नाही. त्याचे माहेर पार तेलुगू-तमिळ मुलखात आहे.

आधी घटक होता जिल्हा. इंग्रजांनी १८३६ मध्ये धारवाडातून बेळगाव वेगळा काढला तो वसुलीच्या सोयीने. कोण काय बोलतो हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. तो प्रश्न आणला काँग्रेसने. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर पक्षाने आपले प्रांत भाषेनुसार लावले आणि बेळगाव कर्नाटक प्रांतात गेले. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, तेव्हा यजमान कर्नाटक होता आणि सारी व्यवस्था पाहत होते गंगाधरराव देशपांडे. लोक त्यांना ‘कर्नाटकसिंह’ म्हणत; आत्मचरित्र मात्र त्यांनी मराठीत लिहिले. त्याच वर्षी, त्याच गावात कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली. पुढे १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेही बेळगावातच, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. नंतर सीमालढा चालवणाऱ्या संघटनेचे नावही महाराष्ट्र एकीकरण समिती. ‘एकीकरण’ हा शब्द दोन्ही बाजूंनी एकाच गावावर हक्क सांगण्यासाठी वापरला.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात साधारणपणे जिल्हा अखंड ठेवण्याकडे कल दाखवला. बेळगावपुरता एक अपवाद केला, चंदगडचा. तो तालुका ठसठशीत मराठी म्हणून मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे गज जिल्ह्याचा होता, पण गरज पडली तेव्हा तालुक्याचाही चालला. मग खेड्याचा का नको, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १७ जानेवारी १९५६ ला या आखणीविरुद्धच्या आंदोलनावर सीमाभागात गोळीबार झाला, माणसे गेली. ती तारीख आजही हुतात्मा दिन म्हणून पाळली जाते. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला.

खेड्याचा गज आला तो आंध्र आणि मद्रासच्या तंट्यातून. तिथे मध्यस्थ होते हरी विनायक पाटसकर, खानदेशातले मराठी गृहस्थ. गाव धरून मोजायचे, सलगता पाहायची आणि त्या गावात कोणती भाषा जास्त ते बघायचे, या रीतीने तिरुत्तणीसारखा भाग मद्रासकडे आला, काही गावे आंध्रकडे गेली. १९५९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी हद्द लागू झाली. मराठी माणसाने दुसऱ्यांचे भांडण सोडवले, तीच तोड आपल्याला लावा, एवढेच महाराष्ट्राचे म्हणणे होते. सुरुवातीच्या मागणीत ८१४ खेडी होती. आता ८६५ गावे म्हणतात.

म्हैसूरने हा गज मानला नाही. किरकोळ फेरफार करू, अशी त्याची भूमिका राहिली. १९६० मधली दोन्ही राज्यांची चौघांची समिती एकमताविना उठली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग बसला. १९६७ च्या अहवालात त्यांनी निपाणी, खानापूर, नंदगडसह सुमारे २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला सुचवली. पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. बेळगाव नाही म्हणून निपाणीही नाही! २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून उभा आहे.

भूगोलाच्या पुस्तकात देश सांधणाऱ्या शक्तींना केंद्रगामी आणि फोडणाऱ्यांना केंद्रोत्सारी म्हणतात. १९५० मध्ये अमेरिकन भूगोलज्ञ रिचर्ड हार्टशोर्न यांनी ही जोडी राजकीय भूगोलात रुजवली. माणसांना ‘आपण एकत्र का’ याचे उत्तर पटलेले असेल तरच राज्य टिकते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. आपल्या सूत्रातले चौथे कलम, लोकेच्छा, नेमके हेच विचारते. पहिली तीन कलमे तलाठ्याच्या दप्तरात आणि जनगणनेत सापडतात. चौथे मोजायचे कशाने? निवडणुकीने म्हणावे, तर एकीकरण समितीचे आमदार वर्षानुवर्षे निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही. तेवढ्याने इच्छा मेली म्हणावे, तर १ नोव्हेंबरची फेरी निघतेच.

शिवाय इच्छा एकच नसते. १९८१ मध्ये निपाणीत शरद जोशींच्या हाकेवर तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला. तिथे भाव हा एकच प्रश्न होता. शेतकरी मराठी की कानडी, हे कुणी विचारले नाही. मार्गशीर्षात कोल्हापूरकडचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात, हद्द ओलांडून. आणि वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या एसटी नाक्यावर अडकतात. २०२२ च्या डिसेंबरात असेच झाले. सांधणारी आणि फोडणारी शक्ती एकाच रस्त्याने ये-जा करतात.

मधल्या काळात घटकही हलला. अनगोळ, वडगाव ही कधीकाळची गावे. शहापूर तर सांगली संस्थानाचे. आज तिन्ही बेळगाव महापालिकेच्या हद्दीत आहेत. खेडे धरून हद्द आखायची मागणी अजून न्यायालयात आहे, आणि बेळगावभोवतालची काही खेडी शहराचे वॉर्ड होऊन बसली आहेत.