पाळी जाण्याचा काळ आणि एका औषधाची हकीकत

मंडळाच्या चिटणीसबाईंनी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मला हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच मला ठाऊक. आणि आपल्या गंगाखेडचा म्हणाल तर संत जनाबाईंचा. पण गेली तीन वर्षे ज्या गोष्टीपायी मी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजविल्या, तिलाही एक इतिहास आहे असे हळूहळू कळत गेले. तोच लिहावयाचे ठरविले. विषय बायकांच्या पाळीचा आहे. ज्या भगिनींना संकोच वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे. मात्र उलटण्यापूर्वी आपले वय किती झाले ते एकदा मनात आणावे.

मला एकेचाळिसावे सरत होते. संक्रांतीचे हळदीकुंकू चालले होते, दिवस थंडीचे, आणि वाण देता देता माझ्या छातीपासून वर असा जाळ चढला की पदराने कपाळ पुसताना कुंकू सगळे फिसकटले. बायका हसल्या, मीही हसले. पण त्यानंतर रात्री-अपरात्री तसेच होऊ लागले. पांघरूण ओले होई, उठून ओट्यावर बसावे तर थंडी वाजे. छातीत धडधड. झोप म्हणून नाही. पाळी कधी वीस दिवसांनी यावी व ओसंडून जावी, कधी दोन दोन महिने पत्ता नसावा. वरणात मीठ दोनदा पडे, आणि कोणी बोलले की रडू फुटे. सासूबाई म्हणाल्या, "पाळी चालली तुझी. सुटलीस बाई. आता विटाळ नाही, वारीला मोकळी." त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. त्यांच्या काळी त्या चार दिवसांत जिने अंगणाच्या कोपऱ्यात दिवस काढले, तिला हे सुटणेच वाटणार.

पहिल्या डॉक्टरांनी वय विचारले आणि "इतक्यात कुठे?" म्हणून झोपेच्या गोळ्या व रक्तवाढीचे औषध लिहून दिले. दोन महिने मी दिवसा पेंगले व रात्री पूर्वीसारखीच जागी राहिले. दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल," असे सांगितले. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात कोण काय बोलणार? यजमान आडतीवरून उचल घ्यावयास निघाले. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

त्या आठवड्यात माझी मामेबहीण भेटीस आली. ती बीड जिल्ह्यात दिलेली. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जावयाचे. माझी तारीख ऐकून ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघ आणि मग जा." तिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. आज ती अडतीस वर्षांची आहे. उकिडवे बसता येत नाही, कंबर व गुडघे म्हातारीचे झाले आहेत, आणि माझ्यासारखे जाळ तिला एकोणतिसाव्या वर्षापासून येत होते. तिला वाटे तो उन्हाचा ताप. शस्त्रक्रियेनंतर तिला कोणी एक गोळी दिली नाही की पुढे काय होईल हे सांगितले नाही.

तिच्यासारख्या किती, हे सरकारदरबारी नोंदलेले आहे. २०१९ साली विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेली. त्यावर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींत एक. कारणे ठाऊकच आहेत. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. अंगावर जाते म्हणून दवाखान्यात जावे तर कॅन्सरची भीती घालावयाची. पोरे झालेली आहेत, मग पिशवी कशाला हवी, असे घरचेही म्हणावयाचे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावेत असा आदेश दिला.

अंडाशये काढली की पाळी नुसती थांबत नाही. इस्ट्रोजेन नावाचा जो रस ती तयार करतात तो एका दिवसात तुटतो. हाडांतील चुना धरून ठेवण्याचे काम त्या रसाचे. नुसती पिशवी काढून अंडाशये ठेवली तरीही ती पुष्कळदा वेळेआधी थकतात. हे मला माझ्या भाचीने सांगितले. ती परिचारिका आहे. तिने सांगितले, मी लिहून घेतले, आणि पुढचे आम्ही दोघींनी रात्री बसून तिच्या मोबाइलवर वाचले. माझा सगळा इतिहास त्या वहीतला.

पाळी जाणे काही नवे नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षापासून येते व पन्नाशीत जाते असे लिहिले आहे. आज आपल्या देशात ती साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, आणि त्याआधी चार-पाच वर्षे हा धुमाकूळ चालू शकतो. पंचेचाळीसच्या आत गेली तर लवकर, चाळीसच्या आत गेली तर फारच लवकर समजतात. युरोपात या अवस्थेला नाव दिले ते गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टराने, १८२१ साली. पण तो रस हाती लागावयास आणखी शंभर वर्षे गेली. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बुटेनान्ट यांनी निरनिराळे काम करून तो शुद्ध रूपात वेगळा केला. १९४२ साली अमेरिकेत त्याच्या गोळ्या विकावयास आल्या, त्या गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेल्या. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला. मी म्हटले, आपण गोमूत्र शिंपडतोच की.

मग व्हावयाचे तेच झाले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून सांगितले की पाळी जाणे हा रोगच आहे आणि या गोळीने बाई जन्मभर तरुण राहील. त्याच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता हे मागाहून कळले. लाखो बायका गोळ्या घेऊ लागल्या. १९७५ साली आढळले की पिशवी असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हा त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे औषध देऊ लागले, व तो धोका आटोक्यात आला.

आणि जुलै २००२. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली मोठी चाचणी मध्येच थांबविली. दोन्ही औषधे घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला म्हणून जगभर बातमी झाली. वाढला किती? दहा हजार बायकांत वर्षाला ३० होत होता तो ३८ झाला. पक्षाघात व हृदयविकारही थोडे वाढले. खुब्याचे हाड मोडणे कमी झाले. पण त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते! पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या बायकांचा तो हिशेब, आणि तो बेचाळीस वर्षांच्या बाईला लावून जगभर डॉक्टरांनी हात आखडले. पुढे वयाप्रमाणे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा साठीच्या आत व पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेकींना धोक्यापेक्षा लाभ अधिक असे ठरले. ज्यांची पाळी फार लवकर जाते त्यांनी तर नेहमीच्या वयापर्यंत हे घ्यावेच असे आता सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधांवरील मोठा इशारा काढण्याचे जाहीर केले. पिशवी असताना नुसते इस्ट्रोजेन घेण्याविषयीचा तेवढा ठेवला.

मला हे ठाऊक नसताना मी तिसऱ्या डॉक्टरांकडे हार्मोनचे विचारले होते. "त्याने कॅन्सर होतो, नाव काढू नका," एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पिशवीची शस्त्रक्रिया चालते, जी उघडून काढावयाची. आणि औषध चालत नाही. ही गंमत मला अजून उमगलेली नाही.

विचारलेच नाही तर कळणार कसे, हे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखविले आहे. तेथील दोन गावांतील ६५० बायका त्यांनी तपासल्या. १९८९ साली ते छापून आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

शेवटी भाचीने नांदेडला नेले. तेथील बाईंनी अर्धा तास बोलू दिले, आणि तेवढ्यानेच मी रडले. रक्तदाब पाहिला, स्तन तपासले, थायरॉइड व साखर पाहिली, अस्तराचा तुकडा तपासावयास पाठविला. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार, सारे विचारले. अहवाल चांगले आले. मग दंडाला लावावयाचे जेल आणि रात्री घ्यावयाची कॅप्सूल लिहून दिली. कातडीतून घेतले की रक्ताच्या गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी, असेही सांगितले. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावयाचे.

चिठ्ठी मिळाली म्हणजे औषध मिळाले असे नाही. गावात तीन दुकाने फिरले. एकाने चिठ्ठी उलटीसुलटी पाहून "हे काय असते?" म्हणून मलाच विचारले, तेही चार पुरुष उभे असताना. परभणीहून मागविले, नऊ दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती कोंबड्याच्या आरवण्याने. रात्र सरली होती आणि पांघरूण कोरडे होते. यजमानांना उठवून सांगितले. ते म्हणाले, "मग झोप की अजून."

मध्ये एकदा महिनाभर माल आला नाही, तेव्हा सगळे परत आले. आता मी एक ट्यूब जादा आणून कपाटात साड्यांखाली ठेवते. गुडघे अजून दुखतात. सगळेच गेले असे मी म्हणणार नाही. पिशवी शाबूत आहे. शस्त्रक्रियेसाठी आणलेली उचल यजमानांनी आडतीवर परत नेऊन दिली.

मामेबहिणीला घेऊन मी गेल्या महिन्यात नांदेडला गेले. तिला पिशवी नाही, तेव्हा दुसरे औषध लागत नाही, नुसते जेल पुरते. हाडांची तपासणी करावयास सांगितली आहे. तिचा मुकादम दसऱ्यानंतर टोळी काढतो. त्याआधीची तारीख मिळविली आहे. एसटीचे तिकीट मीच काढणार.