सात मेणबत्त्या

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीचं हस्तलिखित मासिक चार वर्षं चाललं आणि चिटणीस डोंबिवलीला राहायला गेले त्याच महिन्यात बंद पडलं. फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर चाललेली संस्था बुडायला एक टेम्पोभर सामान पुरतं, हे मी तेव्हाच शिकलो. त्यामुळे परवा भाचा म्हणाला, "मामा, हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९८७ पासून हौशी लोकच चालवताहेत," तेव्हा मी चष्मा पुसून पुढे सरसावलो.

बघतो तर चित्रबित्र काही नाही. नुसती अक्षरं! 'ॲट'ची खूण म्हणजे आपण, 'डी' म्हणजे कुत्रा. टाइपरायटरला उचकी लागावी तसा प्रकार. नाव 'नेटहॅक'. पन्नासेक मजले खाली उतरायचं, ताईत मिळवायचा आणि पुन्हा वर यायचं. (चाळीचे चार जिने चढताना माझं काय होतं ते मलाच ठाऊक.) मेलात की पहिल्यापासून.

कूळ मात्र ऐकण्यासारखं. १९८२ च्या सुमारास जे फेनलसन या शाळकरी पोराने दोस्तांना घेऊन, 'रोग' नावाच्या खेळावरून 'हॅक' रचला. १९८४ साली ॲम्स्टरडॅमच्या आंद्रिस ब्रॉवर या गणितज्ञाने तो जवळजवळ नवाच केला. पुढे माइक स्टीफनसनने निरनिराळ्या आवृत्त्या एकत्र बांधल्या; जोडीला जॅनेट वॉल्झ आणि इझाक मिलर. मिलर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. मंडळी विखुरलेली, सगळा व्यवहार संगणकांच्या जाळ्यावरून, म्हणून 'नेट'. पगार कुणालाच नाही.

१९९४ साली मिलर कर्करोगाने गेले. आम्ही दुखवट्याचा ठराव केला असता, तसबीर लावली असती आणि हार वाळला की विसरलो असतो. यांनी १९९६ ची आवृत्ती त्यांना अर्पण केलीच. शिवाय खेळात खाणीतल्या गावी दिव्यांचं दुकान असतं, त्याचा मालक इझाक! शेवटच्या तळघरात उतरायला सात मेणबत्त्या लागतात, तेव्हा बहुतेकांना त्याच्या दारात जावंच लागतं. त्याच्याशी बोलायला जावं तर कधीकधी कुरकुरतो, की आमच्या मंडळींचं एकमत होणं मोठं कठीण. मी मनात म्हटलं, हा आमच्या कार्यकारिणीत कधी बसला होता?

एवढं असून डिसेंबर २००३ नंतर नवी आवृत्ती आली ती डिसेंबर २०१५ मध्ये. चांगलं एक तप! पण मूळ लिखाण सर्वांना खुलं होतं. खेळणाऱ्यांनीच डागडुजी केली, कुणी स्वतःचे चुलतखेळ काढले. आमच्या मासिकाची मूळ प्रत एकच होती, आणि ती चिटणिसांच्या माळ्यावर. चिटणीस वारले तेव्हा मी डोंबिवलीला गेलो होतो. माळा रिकामा होता. रद्दीबद्दल विचारायचा तो दिवस नव्हता.

काल मी त्या दुकानापर्यंत पोचलो. हातात कुदळ होती, इझाकने दारातच अडवलं. कुदळ बाहेर ठेवून आत गेलो. खिशात होतं तेवढ्यात दोन मेणबत्त्या आल्या. अजून पाच हव्यात.