डेलियाच्या कंदाची कुळकथा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या अंगणांत पौष-माघात ऐटीने मिरविणारा डेलिया फाल्गुन सरता सरता निस्तेज झाला, की पाणी तोडून, वितभर काडी राखून कंद उकरावेत, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत घालावेत आणि घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात आश्विनापर्यंत अनामत ठेवावेत, अशी जी रीत बागप्रेमी पाळतात, तिचा जन्म उष्णतेच्या नव्हे, तर हिमाच्या धास्तीतून झालेला आहे.

झाडाचे मूळ गाव मेक्सिकोचे उंच पठार. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने वनस्पतींच्या शोधार्थ तिकडे रवाना केलेला राजवैद्य फ्रान्सिस्को हर्नान्देस याच्या दफ्तरात सोळाव्या शतकातच या कुळाची नोंद झाली, पण ती छापली गेली 1651 साली, रोममध्ये. पुढे 1789 साली मेक्सिकोहून माद्रिदच्या शाही उद्यानात आलेले वाण फुलले आणि 1791 साली काव्हानिलेस या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने त्यास आन्द्रेस डाल या स्वीडिश वनस्पतिज्ञाचे नाव दिले. कंदाचा बटाट्यासारखा खाद्योपयोग करून पाहण्याची हौसही युरोपने भागवून घेतली. चवीने ती लवकरच मोडून काढली. उन्हाळ्यात उघड्यावर सुखाने वाढणारे हे झाड पहिल्या हिमपातासरशी काळे पडते, हे ध्यानी आल्यावर मात्र कंद काढून तळघरात ठेवण्याचा बंदोबस्त तेथे कायमचा झाला.

चांद्याच्या मुलखात हिमपाताचे भय नाही. येथे पारा 46 अंशांपलीकडे जातो आणि त्यामागोमाग मृगाचे पाणी कन्हार जमिनीत साचून राहते, तेव्हा तीच रीत अगदी उलट संकटावर लागू पडली. माझ्या मते ती येथेच कंदाच्या मूळ प्रयोजनाच्या अधिक जवळ येते. कारण मेक्सिकोतही डेलिया पावसाबरोबर उगवतो, पावसाळा सरताना फुलतो आणि पुढचे निर्जल महिने कंदाच्या आधारे भूमिगत काढतो. आपल्या जंगलातला काटवल दुसरे काय करतो? मात्र काटवलाचा कंद उन्हाळाभर मातीत निजून पहिल्या सरींनी आपोआप जागा होतो, त्याची अनामत कोणी ठेवत नाही. डेलियाला ती मुभा नाही, कारण त्याच्या पठारावरच्या रात्री गार असतात, आणि आषाढाच्या दमट उकाड्यात फुटलेला कोंब बहुधा कुजून जातो. म्हणूनच त्याचे पंचांग येथे फिरवावे लागले: जन्मभूमीत पावसाळी असलेले झाड आपल्याकडे हिवाळी झाले. या अदलाबदलीची किंमतही आहे. दिवस लहान झाला की डेलिया कंद भरण्याच्या मागे लागतो, आणि डिसेंबरात येथील दिवसमान अकरा तासांच्या आसपास उतरते. तेव्हा अंगाने वाढण्याची त्याची मुदत लवकर संपते. उशिरा, मार्गशीर्षात लावलेली रोपे ठेंगणी राहतात, यात खताचा दोष क्वचितच असतो.

आश्विनात वाळू झटकून कंद काढताना बटाट्याची सवय तेवढी विसरावी. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा फक्त कंदाच्या मानेशी, जुन्या काडीच्या बुंध्यावर असतो. तेव्हा जुडगा विळीने विभागताना प्रत्येक कंदास त्या बुंध्याची चकती चिकटून राहील असे पाहावे. ती नसलेला कंद कितीही गुबगुबीत असो, मुळे सोडील, पण त्याला कोंब फुटणार नाही.