घरातल्या कागदापासून नाताळची सजावट आणि गिफ्ट टॅग कसे बनवायचे?

डिसेंबर सुरू झाला की बाजारात चमचमणारे तारे, झालरी आणि गिफ्ट टॅग दिसू लागतात. यातल्या बऱ्याच वस्तूंवर प्लॅस्टिकची चमकी किंवा फॉइल असतं. सण संपल्यावर त्या धड रद्दीतही देता येत नाहीत. हीच सजावट घरच्या घरी, फक्त कागदातून करता येते.

कोणता कागद निवडायचा?

टॅगसाठी जाड कागद हवा. तो बहुतेक घरांत आधीच असतो: जुन्या लग्नपत्रिका, ग्रीटिंग कार्डं, मिठाईचे खोके. पत्रिकेचा देवाचं चित्र आणि मजकूर असलेला भाग बाजूला ठेवा, कोरा भाग वापरा. सजावटीसाठी जुनं कॅलेंडर, मासिकांची पानं किंवा घोटीव कागद चालतो.

कागदावर प्लॅस्टिकचा थर आहे का, हे ओळखायचं कसं? पातळ कागद असेल तर मुठीत चुरगळा. चुरगळलेलाच राहिला तर सहसा साधा कागद, लगेच उलगडला तर त्यात प्लॅस्टिक असण्याची शक्यता जास्त.

गिफ्ट टॅग

1. जाड कागदाचा 5 × 9 सेंटीमीटरचा तुकडा कापा.
2. एका टोकाचे दोन्ही कोपरे तिरके कापा.
3. त्या टोकाला पंचिंग मशीनने भोक पाडा.
4. 20 सेंटीमीटर सुती दोरा दुहेरी करून ओवा.
5. एका बाजूला 'कुणासाठी' आणि 'कुणाकडून' लिहा, दुसऱ्या बाजूला चित्र काढा किंवा जुन्या कार्डावरचं चित्र चिकटवा.

घडीचा तारा

1. ए-फोर कागद लांबीत मधोमध कापा. एका पट्टीतून एक तारा होतो.
2. लांब बाजूने दीड-दीड सेंटीमीटरच्या, एक पुढे एक मागे अशा घड्या घाला, जपानी पंख्यासारख्या.
3. तयार झालेली काडी मधोमध दोऱ्याने घट्ट बांधा.
4. दोन्ही टोकं तिरकी कापा. दोन्हीकडची अणी काडीच्या एकाच कडेला आली पाहिजे.
5. दोन्ही बाजू पंख्यासारख्या उघडा आणि शेजारी येणाऱ्या कडा चिकटवा. गोल तारा तयार.

कागदी साखळी

लहान मुलांसाठी ही सगळ्यात सोपी. ए-फोर कागदाच्या 2 × 21 सेंटीमीटरच्या 14 पट्ट्या निघतात. एकीची कडी करून चिकटवा, दुसरी तिच्यातून ओवून चिकटवा. एका कागदात साधारण पाऊण मीटर साखळी होते. गोंद नसेल तर मैद्याची खळ चालते.

चमकी का नको?

चमकीचे कण बहुधा प्लॅस्टिकचे असतात. ते कागदाला चिकटले की तो कागद रिसायकल करणं अवघड होतं. युरोपियन युनियनने ऑक्टोबर 2023 पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी लागू केली. भारतात 1 जुलै 2022 पासून बंदी आलेल्या एकल वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंमध्ये सजावटीचं थर्माकोलही आहे. चमक हवीच असेल तर पिवळा घोटीव कागद वापरा.

दिव्याजवळ लावताना

गोव्यात आणि वसईत नाताळला घरांबाहेर ताऱ्याचे कंदील लागतात. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद वापरून असा तारा घरीही करता येतो. दिवाळीचा आकाशकंदील बनवलेल्यांना ते जड जाणार नाही. आत एलईडी दिवाच लावा आणि कागद दिव्याला टेकू देऊ नका. मेणबत्तीजवळ कागदी सजावट नकोच.

सण संपल्यावर?

6 जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, अनेक घरांत सजावट उतरवली जाते. तेव्हा टॅगचे दोरे सोडवून ठेवा, तारे पुन्हा मिटून पाकिटात घाला. पुढच्या वर्षी ते तसेच उघडतील. फाटलेली साखळी मात्र निर्धास्तपणे रद्दीत द्या.